आपलेच पैसे, पण मागावे लागतात

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक आणि महिला मंडळ यांच्या संयुक्त कार्यक्रमात नोव्हेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण. छपाईसाठी थोडं आवरून घेतलं आहे.)



सचिव माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही इतकी वर्षं बँकेत होतात, पैशांवर काहीतरी बोला." पैशांवर बोलणार म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस आता कुठले शेअर घ्यायचे ते सांगणार. ते मी सांगणार नाही. कारण ते मला कळत असतं, तर मी तुमच्या शेजारच्या विंगमध्ये वन बीएचकेत राहिलो नसतो.

मी बोलणार आहे ते तुमच्याच पैशांबद्दल. बँकेने तुमच्या व्याजातून कापलेले, सरकारकडे जमा झालेले, आणि तुम्ही न मागितल्यामुळे तिथेच राहिलेले पैसे. आपण मोठी गमतीशीर माणसं आहोत. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी पाचशे रुपये जास्त आकारले, तर वार्षिक सभेत पाऊण तास वाद घालतो. बरोबरच आहे, घालायलाच हवा. पण त्याच वर्षी आपल्या मुदत ठेवीच्या व्याजातून बारा हजार रुपये गेले, त्याबद्दल मात्र "टॅक्स कापला हो, काय करणार" एवढं म्हणून गप्प बसतो.

तर पहिली गोष्ट. बँक कापते तो टीडीएस, म्हणजे उगमस्थानी कापलेला कर. हा तुमचा अंतिम कर नाही. ती एक उचल आहे, सरकारने आधीच घेऊन ठेवलेली. बँकेला तुमचं एकूण उत्पन्न माहीत नसतं. तिला एवढंच दिसतं की या ग्राहकाचं आमच्याकडचं व्याज अमुक रकमेच्या वर गेलं. गेलं, की तिने दहा टक्के कापायचे. ही मर्यादा बरीच वर्षं ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० आणि इतरांसाठी ४०,००० होती. १ एप्रिल २०२५ पासून ती अनुक्रमे १,००,००० आणि ५०,००० झाली आहे. एकदा मर्यादा ओलांडली की कपात वरच्या रकमेवर होत नाही, सगळ्या व्याजावर होते. पॅन दिलेला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के. आणि सहकारी बँकेत ठेव आहे, मी सभासद आहे, म्हणजे सुटलो असं समजू नका. १ जून २०१५ पासून सहकारी बँकांनाही सभासदांच्या मुदत ठेवींवर हा नियम लागू आहे.

आता तुमचं वर्षाचं एकूण उत्पन्नच करपात्र मर्यादेच्या खाली असेल, तर तुमचा कर शून्य. पण बँकेने दहा टक्के कापलेलेच आहेत. मग ते पैसे कुणाचे? तुमचे. ते आपोआप परत येतात का? नाही. त्यासाठी रिटर्न भरावा लागतो. इथेच गोंधळ होतो. लोक म्हणतात, "माझं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, मला रिटर्न भरायची गरज नाही." वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पण रिटर्न भरणं बंधनकारक नसणं ही एक गोष्ट, आणि रिटर्न न भरता रिफंड मिळणं ही दुसरी. पहिली कायद्यात आहे, दुसरी कुठेच नाही.

यंदा या गोंधळात नवी भर पडली आहे. "बारा लाखांपर्यंत कर नाही" हे सगळ्यांनी बातम्यांत ऐकलंय. चालू वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, नव्या करप्रणालीत ते साधारणपणे खरं आहे. पण तो कर सवलतीने, म्हणजे रिबेटने, शून्य होतो. करमुक्त मर्यादा चार लाखच आहे. उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावाच लागेल. आणि व्याजातून टीडीएस कापला गेला असेल, तर तो परत मिळवायला रिटर्नशिवाय मार्ग नाही. "कर नाही" हे ऐकून जे स्वस्थ बसतील, त्यांचे पैसे तिकडेच राहतील.

आता मुख्य विषय. रिटर्न राहून गेला असेल तर काय? याला तीन दारं आहेत आणि ती एकामागून एक बंद होतात.

पहिलं दार वेळेच्या रिटर्नचं. नोकरदार आणि निवृत्तांसाठी ही तारीख एरवी ३१ जुलै असते. यंदा ती वाढवून १६ सप्टेंबर २०२५ केली होती. या दारातून गेलात तर रिफंड हा तुमचा हक्क, आणि त्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळतं.

दुसरं दार ३१ डिसेंबरपर्यंत उघडं असतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ चा रिटर्न ज्यांनी अजून भरलेला नाही, त्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत तो भरता येईल. म्हणजे आजपासून महिनाभर. याला उशिराचं शुल्क आहे: उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यावर असेल तर ५,०००. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर शुल्क नाही. पण एक मेख आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, ज्यांचं धंद्याचं उत्पन्न नाही अशांना, उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी करप्रणाली निवडता येत नाही. म्हणजे विमा, पीपीएफ, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी पन्नास हजारांची वजावट, हे सगळं विसरायचं. ज्यांचा रिफंड या वजावटींवरच अवलंबून होता, त्यांचा रिफंड उशीर केल्याने कमी होतो, कधी शून्यही होतो.

तिसरं दार त्यानंतरचं. ३१ डिसेंबरही गेला. आता पोर्टल तुमचा साधा रिटर्न घेत नाही. इथे बरेच जण, आणि काही सल्लागारसुद्धा, सांगतात, "अपडेटेड रिटर्न भरा, त्याला चार वर्षं मुदत आहे." मुदत आहे, हे खरं. पण तो रिटर्न जास्तीचा कर भरण्यासाठी आहे. रिफंड मागण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी तो चालत नाही. सरकारला पैसे द्यायचे असतील तर ते दार उघडं, घ्यायचे असतील तर बंद. हसू नका, तसंच आहे.

मग रिफंडसाठी उरतं ते आयकर कायदा १९६१ चं कलम ११९(२)(ख). याखाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. त्याला विलंब माफी म्हणतात, पोर्टलवर 'कंडोनेशन' हा शब्द दिसेल. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑक्टोबर २०२४ रोजी परिपत्रक क्रमांक ११/२०२४ काढून याचे नियम नव्याने ठरवले. त्यातलं आपल्या कामाचं सांगतो.

एक, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायला हवा. पूर्वी ही मुदत सहा वर्षं होती. हिशेब असा: आर्थिक वर्ष २०१९-२०, त्याचं करनिर्धारण वर्ष २०२०-२१, ते संपलं ३१ मार्च २०२१ ला. त्यापुढे पाच वर्षं, म्हणजे ३१ मार्च २०२६. तेव्हा २०१९-२० चा रिफंड कुणाचा राहिला असेल, तर त्यांच्या हातात चारच महिने आहेत. त्याआधीच्या वर्षांची मुदत संपली.

दोन, रक्कम एक कोटीपर्यंत असेल तर निर्णय प्रधान आयकर आयुक्त किंवा आयुक्त घेतात. आपल्यापैकी कुणाची रक्कम त्याहून मोठी असेल, तर त्यांनी आधी सोसायटीच्या रंगकामाला हातभार लावावा.

तीन, अर्जाचा निकाल शक्यतो सहा महिन्यांत द्यावा असं परिपत्रकच सांगतं.

चार, या मार्गाने आलेल्या रिफंडवर व्याज मिळत नाही. मुद्दल तेवढं परत.

पाच, दावा खरा हवा आणि न दिल्यास खरोखरची अडचण होईल असा हवा. कायद्यातले शब्द 'जेन्युइन हार्डशिप' असे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ उदारपणे घ्यावा असं सांगितलेलं आहे. पण उदारपणा म्हणजे काहीही खपतं असं नाही. अर्जात नुसतं "मला माहीत नव्हतं" लिहिलं, तर बहुधा तो अर्ज परत येतो. उशीर का झाला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काय घडलं, आणि त्याचा कागद काय, हे दाखवावं लागतं.

आता एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही कुणी करू नये. माझ्या परिचयाच्या एक बाई. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचे यजमान गेले. स्वतः बाईही इस्पितळात होत्या. बाहेर आल्यावर वर्षभर लेकीकडे नाशिकला राहिल्या. घरातले सगळे कागद यजमान बघायचे. विम्याचे आणि त्यांच्या फंडाचे मिळून वीस लाख आले, ते जावयाने बँकेत बाईंच्या नावावर ठेवले. बाईंचं वय तेव्हा त्रेसष्ट. कुटुंब निवृत्तिवेतन महिना नऊ हजार. झालं एवढंच उत्पन्न.

हिशेब करू. पहिल्या वर्षी व्याज ९०,०००, बँकेने कापले ९,०००. दुसऱ्या वर्षी व्याज १,२०,०००, कापले १२,०००. तिसऱ्या वर्षी १,२६,००० व्याज, कापले १२,६००. निवृत्तिवेतन वर्षाचं १,०८,०००. तिन्ही वर्षी एकूण उत्पन्न तीन लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. आणि कापले गेले ३३,६००. नऊ हजारांवर महिना काढणाऱ्या बाईंचे जवळजवळ चार महिन्यांचे पेन्शनचे पैसे!

त्या माझ्याकडे आल्या २०२४ च्या डिसेंबरमध्ये, तेही वेगळ्याच कामासाठी. त्यांना नॉमिनेशन बदलायचं होतं. मी पासबुक बघितलं, त्यात कपातीची नोंद दिसली. विचारलं, "याचा रिटर्न कोण भरतं?" त्या म्हणाल्या, "हे भरायचे. आता कशाला? आता आहे काय आपल्याकडे!" हे वाक्य मी बँकेत असतानाही शेकडो वेळा ऐकलंय. ज्यांच्याकडे फारसं काही नाही असं त्यांना वाटतं, नेमका त्यांचाच पैसा अडकून पडतो. ज्यांच्याकडे भरपूर आहे, त्यांचा सीए जूनमध्येच फोन करतो.

तिसऱ्या वर्षाचं, म्हणजे २०२३-२४ चं, दुसरं दार तेव्हा अजून उघडं होतं. अर्ध्या तासात रिटर्न भरला, शुल्क शून्य, आणि १२,६०० रुपये महिन्याभरात खात्यात. आधीच्या दोन वर्षांच्या २१,००० साठी मात्र अर्ज करावा लागला. दोन वर्षांचे दोन वेगळे अर्ज. सोबत यजमानांचा मृत्यूचा दाखला, बाईंच्या इस्पितळाचे कागद, नाशिकच्या पत्त्याचा पुरावा, बँकेचे फॉर्म १६ए, फॉर्म २६एएस, खात्याचे उतारे आणि दोन्ही वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब. अधिकाऱ्यांनी मध्ये एकदा खुलासा मागवला, तो दिला. आदेश आला सात महिन्यांनी. मग आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालून त्या दोन वर्षांचे रिटर्न भरले. पैसे आले यंदा दिवाळीच्या तोंडावर.

बघा, पैसे त्याच बाईंचे, बँक तीच, कपात तशीच. एका वर्षासाठी अर्धा तास लागला, दोन वर्षांसाठी दहा महिने. वेळेत मागितलं की तो हक्क असतो, मुदत उलटली की त्याचीच विनंती होते. आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

आता एक अडचणीचा मुद्दा, आणि तो मी मुद्दाम बोलतोय कारण इथे पुरुष मंडळीही बसली आहेत. बऱ्याच घरांत पैसा नवऱ्याचा आणि ठेव बायकोच्या नावावर, असा प्रकार असतो. "तिच्या नावावर टाकलं म्हणजे कर नाही" ही समजूत. कायदा तसं मानत नाही. नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. आणि विलंब माफीच्या परिपत्रकातली एक अट अशी आहे की ज्या उत्पन्नावर रिफंड मागताय, ते दुसऱ्या कुणाच्या हाती करपात्र असता कामा नये. म्हणजे अशा ठेवीवरचा टीडीएस बायकोच्या नावाने मागायला गेलात, तर रिफंड राहिला बाजूला, तुमचाच हिशेब उघडा पडेल. अर्ज करण्याआधी स्वतःला प्रश्न विचारा, हा पैसा मुळात कुणाचा? बाईंच्या स्वतःच्या पगारातून साठवलेला, माहेरून आलेला, किंवा मी सांगितलेल्या उदाहरणात यजमानांच्या पश्चात मिळालेला असेल, तर तो त्यांचाच, आणि दावाही त्यांचाच.

दुसरा मुद्दा गेलेल्या माणसाच्या रिफंडचा. वडील किंवा आई गेली, त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या पेन्शनमधून किंवा व्याजातून कर कापला गेला होता. तो बुडत नाही. वारसाला पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून मयत व्यक्तीच्या वतीने रिटर्न भरता येतो. मृत्यूचा दाखला, मयताचं पॅन, वारसाचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. वर सांगितलेल्या मुदती इथेही तशाच लागू. म्हणून सांगतो, माणूस गेला की त्याचं पॅन कार्ड फुलांच्या हारामागे फोटोला लावून ठेवू नका. वर्षभर तरी हाताशी ठेवा.

तिसरा मुद्दा, ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी. आणि आपल्या सोसायटीत आता तशी घरं बरीच आहेत. मुलांच्या एनआरओ खात्यातल्या ठेवीवर कपात दहा टक्के नसते. ती तीस टक्के अधिक उपकर, म्हणजे एरवी ३१.२ टक्के असते, आणि पहिल्या रुपयापासून. त्यांना १५जी, १५एच देता येत नाही. पण भारतातलं त्यांचं एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत असेल, तर रिटर्न भरून कपात परत मागता येते. व्हिडिओ कॉलवर नातवाने काय खाल्लं हे विचारून झालं की मुलाला हेही विचारा.

आता काळजी घ्यायच्या गोष्टी. "तुमचा रिफंड मंजूर झाला, या लिंकवर क्लिक करा" असे संदेश येतात. उघडू नका. आयकर खातं तुमचा पिन, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी मागत नाही. दुसरं, "टक्केवारीवर रिफंड काढून देतो" म्हणणारी माणसं असतात. ती खोट्या देणग्या, खोटा घरभाडे भत्ता दाखवून रिटर्न भरतात. यंदा जुलैमध्ये आयकर खात्याने देशभर अशा खोट्या वजावटींची तपासणी केली. कमिशन खाणारा निघून जातो, सही तुमची असते. आपण मागायचं ते आपलं, एक रुपया जास्त नाही.

तिसरं, पॅन आणि आधार जोडलेलं आहे का ते बघा. १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली आहेत. तशा पॅनवर रिफंड मिळत नाही आणि कपातही जास्त दराने होते. ऐंशी वर्षांवरच्यांना यातून सूट आहे. चौथं, रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी, म्हणजे व्हेरिफिकेशन, करावी लागते. ती राहिली तर रिटर्न भरलाच नाही असं धरतात. आणि पाचवं, रिफंड ज्या खात्यात हवा ते खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवावं लागतं. खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे बायकांची नावं लग्नानंतर बदलतात, बँकेत एक आणि पॅनवर दुसरं. रिफंड तिथेही अडकतो.

हे सगळं टाळायचा सर्वांत सोपा उपाय मुळातच कपात होऊ न देणं हा आहे. साठ वर्षांवरच्यांनी फॉर्म १५एच द्यायचा, इतरांनी १५जी. वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर कर शून्य येत असेल, तरच. १५जी ला आणखी एक अट आहे, व्याजाची एकूण रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत हवी. हा फॉर्म दरवर्षी नव्याने द्यावा लागतो आणि ज्या ज्या बँकेत ठेव आहे तिथे तिथे. एप्रिल महिन्यात माझ्या टेबलावर या फॉर्मचा गठ्ठा असायचा. त्यात मे महिन्यात येणारे असायचे, दिवाळीत येणारेही असायचे. तोपर्यंत कापलेलं बँक परत देऊ शकत नाही. बँकेशी भांडून उपयोग नसतो, तिने ते सरकारात भरलेलं असतं. फॉर्म देताना पोच घ्या. आणि उत्पन्न जास्त असताना खोटा फॉर्म देऊ नका, तो गुन्हा आहे.

काही जण विचारतील, नवीन आयकर कायदा येतोय त्याचं काय. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणार आहे. त्याच्या फेब्रुवारीतल्या मूळ विधेयकात अशी तरतूद होती की रिफंड हवा असेल तर रिटर्न ठरलेल्या तारखेच्या आतच भरला पाहिजे. म्हणजे आत्ता सांगितलेलं दुसरं दारही रिफंडसाठी बंद झालं असतं. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या लोकसभेच्या प्रवर समितीने ती तरतूद काढायला सांगितली, आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सुधारित विधेयकातून ती गेली. चांगलं झालं. कारण तिचा फटका बसला असता तो मोठ्या करबुडव्यांना नव्हे. रिटर्न भरायची सक्ती नसलेल्या, पण टीडीएस कापला गेलेल्या छोट्या माणसांना बसला असता. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलतील, आपल्या जुन्या वर्षांच्या प्रश्नांना मात्र जुनाच कायदा लागू राहील.

शेवटी एक विनंती. येत्या रविवारी प्रत्येक घरात एक काम करा. आयकराच्या पोर्टलवर किंवा नेटबँकिंगमधून फॉर्म २६एएस उघडा. घरातल्या प्रत्येक पॅनचा, आणि २०१९-२० पासून पुढच्या प्रत्येक वर्षाचा. आजीचा, आईचा, वहिनींचा, पहिली नोकरी सहा महिन्यांत सोडलेल्या मुलाचाही. त्यात कर कापल्याची नोंद दिसेल. समोर त्या वर्षाचा रिटर्न भरला होता का, एवढं लिहा. एका वहीच्या पानात मावेल.

तरुण मंडळींना विशेष सांगतो. हे काम आईसाठी करू नका, आईबरोबर करा. "तुला नाही कळणार, मी बघतो" हे वाक्य प्रेमाचं असतं, मला माहीत आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर ते म्हटलं, तो एक दिवस नसतो, आणि मग मागे राहिलेल्या बाईला पासवर्डही माहीत नसतो. पोर्टलवर तिचाच मोबाइल नंबर टाका. ओटीपी तिच्याच फोनवर येऊ दे. तिला तो वाचता येतो, दिवसाला चाळीस सुप्रभात येतात त्या फोनवर!

पंचवीस वर्षांपूर्वी या इमारतीत आलो तेव्हा आपण एकमेकांच्या घरी साखर मागायला जात होतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. इथे तर आपलीच साखर आहे. ३१ डिसेंबरपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. कागद घेऊन या. फी नाही. चहा मात्र ज्याचा रिफंड येईल त्याने पाजायचा.